काँक्रीट पडायच्या आधी पाईप गेला पाहिजे: आमच्या गल्लीतला अनुभव

आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार हे कळलं तेव्हा सगळ्यांना गाड्या कुठे लावायच्या याची काळजी पडली आणि मला पडली वायरींची. आम्ही मुलुंड ईस्टला राहतो, दोन्ही बाजूंना जुन्या तीन-चार मजली सोसायट्या, मधे दोन रिडेव्हलपमेंटचे टॉवर आणि झाडं भरपूर. इंटरनेटची फायबर कशी आली होती तर या गच्चीवरून त्या गच्चीवर, तिथून गुलमोहराच्या फांदीला, मग लाइटच्या खांबाला आणि परत कोणाच्या तरी पाण्याच्या टाकीला गुंडाळून पुढे. जूनच्या पहिल्या वादळात एखादी फांदी पडली की निम्म्या गल्लीच्या राउटरवर लाल दिवा, आणि मग केबलवाला शिडी घेऊन येईपर्यंत सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. माझं कामच घरून आहे, शेजारच्या विंगमधे एक डॉक्टर आहेत त्या रात्री ऑनलाइन पेशंट बघतात, पोरांच्या परीक्षा, सोसायटीचे कॅमेरे, सगळंच त्या एका लटकणाऱ्या काळ्या वायरीवर.

तर मुद्दा असा की काँक्रीटचा रस्ता एकदा झाला की तो परत खणू देत नाहीत आणि खणू देऊही नये. वरचा काँक्रीटचा थर साधारण फूटभर जाडीचा असतो, खाली अजून एक कमी सिमेंटचा थर, त्याच्याखाली खडी. डांबरी रस्त्याला चर मारून परत डांबर ओतता येतं पण काँक्रीटचे पॅनल असतात, मधेच कापलं की तो अख्खा पॅनल कमकुवत होतो. मुंबईत सगळे मिळून साधारण दोन हजार किलोमीटरचे रस्ते आहेत आणि त्यातल्या सातशे किलोमीटरच्या आसपास रस्त्यांचं काँक्रीटीकरण दोन टप्प्यांत हाती घेतलं गेलं, जानेवारी २०२३ मधे पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या टप्प्याची सुरुवात झाली, क्वालिटी बघायला आयआयटी मुंबईला नेमलंय. एवढा पैसा आणि एवढी मेहनत जमिनीत जात असताना त्याच खड्ड्यात शंभर-दोनशे रुपये मीटरचा प्लास्टिकचा पाईप टाकायचा राहिला तर पुढची कितीतरी वर्षं वायरी झाडावरच राहणार, हे मला तेव्हा लख्ख दिसत होतं. आणि आश्चर्य म्हणजे रस्ता करणाऱ्याचं ते काम नाही आणि नेट देणाऱ्याला रस्ता कधी होणार ते माहीत नाही. या दोघांची गाठ घालून देणं हे कोणाचंच काम नाही. म्हणून ते आम्ही केलं.

सुरुवात वॉर्ड ऑफिसमधून केली. रस्ते विभागाचे दुय्यम अभियंता भेटले, माणूस खरंच चांगला, टेबलावर ड्रॉइंग पसरून समजावून सांगितलं. त्यात आमच्या डाव्या बाजूच्या फूटपाथखाली युटिलिटीसाठी डक्ट, म्हणजे वायरी आणि पाईप न्यायचा बंद मार्ग, दाखवलेला होता. म्हणजे लांबीच्या दिशेने सोय होती. पण आडवं काय? डाव्या बाजूच्या सोसायट्यांना फूटपाथमधूनच लाइन घेता येईल, उजव्या बाजूच्यांना मात्र रस्ता ओलांडून जावं लागणार आणि तिथे ड्रॉइंगमधे फक्त नाक्यावर एक क्रॉसिंग होतं. मी विचारलं की साहेब मधल्या सहा-सात सोसायट्यांचं काय, तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्या सोसायट्यांचं एक पत्र द्या, कुठे कुठे क्रॉसिंग पाहिजे ते नकाशावर मार्क करून द्या, आणि पाईप कोण आणणार ते लिहा. चर उघडा असेल तेव्हा टाकून घेऊ. काँक्रीट पडल्यावर माझ्याकडे येऊ नका, तेव्हा मी काहीच करू शकणार नाही."

हे वाक्य मी पुढे प्रत्येक मीटिंगमधे ऐकवलं.

रस्त्याच्या कामाचा क्रम काय असतो हे तिथेच कळलं आणि ज्यांच्या गल्लीत काम लागणार आहे त्यांनी हे आधी समजून घ्याच. आधी सगळ्यात खोल असतं ते, म्हणजे ड्रेनेजची लाइन, मग पाण्याची लाइन, पावसाळी गटार, मग विजेच्या केबली आणि गॅस, आणि मग हे आपले डक्ट. त्यानंतर खडी, रोलर, मग खालचा सुका काँक्रीट आणि शेवटी वरचा, ज्याला सगळे पीक्यूसी म्हणतात. आपल्याला मिळणारी फट म्हणजे गटाराचं काम संपल्यापासून खडी पडेपर्यंत, बस. ही फट कधी येईल ते कोणी तारीख लावून सांगू शकत नाही, कारण मधेच पाण्याची जुनी लाइन फुटते, मधेच गॅसवाले येत नाहीत, मग तेवढ्यात कंत्राटदार माणसं दुसऱ्या साइटला पाठवतो. म्हणजे तारखेवर विसंबून चालत नाही, पाईप हातात तयार पाहिजे आणि साइटवर रोज कोणीतरी डोकावलं पाहिजे. आमच्याकडे ते काम निवृत्त झालेल्या दोन काकांनी घेतलं, सकाळच्या फेरीला निघाले की आधी खड्ड्याशी, आणि मग ग्रुपवर फोटो. त्या फोटोंचा उपयोग किती झाला ते पुढे सांगते.

इंटरनेट कंपन्यांना एका टेबलावर आणणं हे सगळ्यात जड गेलं. आमच्याकडे दोन मोठ्या कंपन्या आणि एक लोकल केबलवाला. केबलवाला दादा पहिल्या निरोपाला आला, कारण त्याचं सगळं झाडांवर, आणि वरच्या वायरी कधीही कापल्या जातात हे त्याला चांगलं माहीत. मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या माणसाने सांगितलं की आमचं प्लॅनिंग वरून येतं, या वर्षी तुमचा एरिया लिस्टमधे नाही. दुसरीचा माणूस आला पण म्हणाला आम्ही आमचा अर्ज करू आणि आमची परवानगी आली की आम्ही आमचं खणू. आता अर्जाची पद्धत आहे, नाही असं नाही. २०१६ मधे राइट ऑफ वेचे, म्हणजे रस्त्याखालून वगैरे लाइन न्यायच्या परवानगीचे, केंद्राचे नियम आले त्यात अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असं होतं, मग १ जानेवारी २०२५ पासून नव्या टेलिकॉम कायद्याखालचे नवे नियम लागू झाले, अर्ज पोर्टलवर करायचा. सगळं बरोबर आहे. पण चर उघडा असतो काही दिवस. अर्जाचा प्रवास सुरू व्हायच्या आधी तो बुजलेला असतो आणि मग हीच कंपनी पुढच्या वर्षी नवीन फूटपाथ फोडायची परवानगी मागणार. मी त्याला तेच म्हटलं की तुम्हाला मुद्दाम खणायला लागणार नाही, खणलेलंच आहे, रीइन्स्टेटमेंटचे, म्हणजे खणलेलं परत नीट करायचे, पैसे भरायला नकोत, तुम्ही फक्त पाईप आणि एक माणूस द्या. हे पैशाचं गणित त्याने वर पाठवलं आणि मग मात्र फोन यायला लागले. नियम सांगून कोणी हललं नव्हतं. रस्ता परत फोडण्याचा आणि बुजवण्याचा खर्च वाचतोय म्हटल्यावर हलले.

मग दुसरा प्रश्न, एकाच पाईपमधे तिघांच्या वायरी घालायला कोणी तयार नाही. एकाचा माणूस ओढाओढ करताना दुसऱ्याची तुटते, मग भांडणं, ही भीती खरीच आहे. शेवटी ठरलं ते असं: चर एक, पाईप वेगळे. फूटपाथच्या डक्टमधे प्रत्येकाचा आपापला एचडीपीई म्हणजे मजबूत प्लास्टिकचा पाईप, रंगाच्या पट्टीने ओळखता येईल असा, आणि रस्ता ओलांडायला प्रत्येक दोन सोसायट्यांमधे चार इंची मोठे पाईप दोन, एक वापरायला आणि एक रिकामा. तो रिकामा पाईप सोसायट्यांचा. उद्या चौथी कंपनी आली तर तिला आपण आत घेऊ, कोणा एकाच्या ताब्यात गल्ली जायला नको. यावर मी अडून बसले होते आणि आजही म्हणेन की सगळ्या प्रकरणात ते सगळ्यात महत्त्वाचं होतं.

पैशांवरून मीटिंगमधे बरीच वादावादी झाली. एका काकांचं म्हणणं, रस्ता पालिकेचा, वायर कंपनीची, मग आपण का द्यायचे? बरोबर आहे त्यांचं. पण उजव्या बाजूचे क्रॉसिंग कोणाच्याच बजेटमधे नव्हते आणि आपण दिले नाहीत तर ते होणार नव्हते. प्रत्येक सोसायटीवर जो वाटा आला तो एखाद्या घराच्या महिन्याच्या मेंटेनन्सएवढासुद्धा नव्हता, कारण खणायची मजुरी शून्य, नुसता पाईप, दोन पाईप जोडायचे कपलर आणि टोपणं. शेवटची एक सोसायटी सोडून सगळे हो म्हणाले. त्या एका सोसायटीचं म्हणणं होतं की आमच्याकडे गच्चीवरून चालू आहे, ठीक आहे.

आता खरी गुंतागुंत. रस्ता एकदम पूर्ण रुंदीचा बंद करत नाहीत, आधी एक बाजू करतात, दुसऱ्या बाजूने गाड्या चालू, मग उलटं. आमची डावी बाजू पावसाळ्याआधी आणि उजवी पावसाळ्यानंतर, कारण ३१ मेपर्यंत हातातली कामं आवरायची आणि पावसात नवीन खोदकाम नाही. म्हणजे रस्ता ओलांडणारा पाईप अर्धा आत्ता टाकायचा आणि उरलेला अर्धा ऑक्टोबरनंतर. मग मधलं टोक कुठे ठेवणार? ते मध्यरेषेवरच थांबलं तर काँक्रीटच्या कडेला चिकटून बसणार आणि नंतर कपलर बसवायला हातच आत जाणार नाही. टोक मध्यरेषेच्या पलीकडे दोन फूट तरी बाहेर पाहिजे, आणि तिथे तर डांबरी रस्ता चालू, वरून रिक्षा आणि टेम्पो. कंत्राटदाराचा सुपरवायझर ऐकायला तयार नव्हता, खड्डा बाहेर गेला तर ट्रॅफिकचं काय. त्याचंही बरोबर. मग दुय्यम अभियंता साहेब स्वतः आले, रात्री गाड्या कमी झाल्यावर प्रत्येक क्रॉसिंगला मध्यरेषेपलीकडे छोटासा खड्डा मारायचा, टोक काढून बुजवायचं आणि सकाळी रस्ता चालू, असं ठरलं.

पाईप जमिनीपासून साधारण तीन फूट खाली. आधी वाळू, मग पाईप, परत वाळू, त्यावर पिवळी वॉर्निंग टेप आणि मग भराव. कुठेही काटकोनात वळण नाही, कारण फायबर काटकोनात वळवली की आतला उजेड नीट पुढे जात नाही, केबलवाला दादा प्रत्येक वळणापाशी उभा राहून मजुरांना "गोल घे, गोल घे" सांगत होता. पाईपच्या आत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना बांधली आणि टोपणं घट्ट बसवली, नाहीतर चार महिन्यांच्या पावसात पाईप चिखलाने भरतो. आणि मग मापं. काकांनी टेप घेऊन प्रत्येक टोकाचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजलं, एक समोरच्या गेटच्या खांबापासून आणि एक लाइटच्या पोलपासून, किती खोल ते वेगळं मोजलं, टेप तसाच ठेवून फोटो, फोटोवर गेटचा नंबर दिसेल असा. एका खुणेपासूनचं माप पुरत नाही, दोन पाहिजेत, तरच जागा पक्की सापडते.

याच आठवड्यात जेसीबीने चालू फायबर तोडली. मोठ्या कंपनीची जमिनीखालची मेन लाइन होती, ती तिथे आहे हे कोणाच्याच नकाशावर नव्हतं. मजूर म्हणाला, "पानी का लाइन बताया था, ये किसी ने नहीं बताया," आणि ते खरंच होतं. खोदण्याआधी कळवायचं कॉल बिफोर यू डिग हे अ‍ॅप मार्च २०२३ पासून आहे, खणणाऱ्याने जागा टाकली की जमिनीखाली ज्यांची लाइन आहे त्यांना निरोप जातो, पण ज्याने आपली लाइन कुठे आहे ते नोंदवलंच नाही त्याला कोण कसा निरोप देणार. रात्री कंपनीची पोरं आली. फूटपाथच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन, एक जण मोबाइलचा टॉर्च धरून, दुसरा केसासारखी बारीक काच सोलून स्पिरिटने पुसतोय, कापतोय, मशीनमधे ठेवतोय, ठिणगी पडते, जोड झाला की नळी सरकवून गरम करायची आणि मग पुढची. असे चोवीस जोड. धुळीचा एक कण गेला तर परत पहिल्यापासून. गल्लीतल्या एका काकूंनी त्यांना चहा-पोहे नेऊन दिले. लाल दिवे हिरवे व्हायला पहाट झाली. त्या पोरांचं कौतुक कोणी करत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आणि नेमका खडी पडायच्या आदल्या दिवशी एका कंपनीचा पाईपच आला नाही. गाडी निघाली आहे, निघाली आहे, एवढंच फोनवर. दुपारी आम्ही ठरवलं की आता वाट बघायची नाही, आमच्यातल्या एकांचं मस्जिद बंदरला दुकान आहे, त्यांनी नागदेवीहून पाईपचं भेंडोळं टेम्पोत घालून आणलं आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत टाकून घेतला. सुपरवायझरने तेवढे दोन तास रोलर थांबवला, जो आधी ऐकत नव्हता तोच. पैसे कंपनीने नंतर दिले, बिल मात्र आमच्या नावाने नको कंपनीच्या नावाने पाहिजे वगैरे सगळं झालं.

पावसाळ्यात डाव्या बाजूचं काँक्रीट तयार, उजवीकडे डांबर आणि खड्डे. ऑक्टोबरमधे उजवी बाजू खणायला घेतली तेव्हा साइट इंजिनीअर नवीन, मुकादम नवीन, मजूर नवीन, जमिनीत पाईपची टोकं आहेत हे कोणालाही माहीत नाही. काका फोटोंचे प्रिंट काढून घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी दोन टेप धरले, जिथे दोन्ही मापं जुळली तिथे चुन्याने खूण केली आणि तिथे जेसीबी न लावता फावड्याने खणायला सांगितलं. टोकं मिळाली. एकाचं टोपण निघून आत गाळ गेला होता तो कॉम्प्रेसरच्या हवेने काढला, आणि एकाला, खूण असूनही, जेसीबीचा दात लागला, तेवढा तुकडा कापून नवीन कपलर लावला. दोन फूट बाहेर काढून ठेवलं होतं म्हणून कापायला जागा राहिली, नाहीतर ते क्रॉसिंग गेलंच होतं. खडी टाकण्याआधी प्रत्येक पाईपमधून पाईपच्या मापापेक्षा थोडा लहान लाकडी गोळा दोरीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला, कुठे दबला असेल तर तिथेच अडकतो. हे करून घ्याच, रोलर फिरल्यावर कळून उपयोग नाही.

काँक्रीट पिकल्यावर कंपन्यांनी फायबर ओढली, प्रत्येक क्रॉसिंगला चेंबर, चेंबरमधे दोन-तीन मीटरचा लूप सोडलेला, म्हणजे पुढे तुटली तर जोडायला वायर शिल्लक. झाडांवरच्या वायरी हळूहळू उतरल्या, सगळ्या नाही अजून. या पावसाळ्यात आमच्याकडे फांदी पडली, नेट गेलं नाही. जी सोसायटी तेव्हा नको म्हणाली होती तिचं गेलं, आणि आता शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडमधून रिकाम्या पाईपमधली जागा त्यांना द्यायची असं कमिटीत ठरलंय, पाईपच्या खर्चाचा वाटा घेऊन. द्यायलाच पाहिजे, तो रिकामा ठेवला होता त्यासाठीच.

सगळ्या मापांचा एक नकाशा आमच्या इथल्या आर्किटेक्चरच्या एका मुलीने काढून दिला, कुठला पाईप कोणाचा, किती खोल, कुठल्या खुणेपासून किती. त्याच्या कॉप्या वॉर्ड ऑफिसला, तिन्ही नेटवाल्यांना आणि प्रत्येक सोसायटीच्या फाइलला दिल्या आहेत. मागच्या गल्लीचं काम दिवाळीनंतर लागतंय असं कळलं, त्यांच्या सेक्रेटरी मॅडम परवा येऊन नकाशा बघून गेल्या. त्यांचा रस्ता आमच्यापेक्षा अरुंद आहे आणि फूटपाथ एकाच बाजूला, त्यामुळे क्रॉसिंग जास्त लागतील. पाईपची ऑर्डर आत्ताच द्या आणि माल सोसायटीच्या आवारात आणून ठेवा असं त्यांना सांगितलंय, सोमवारी दोघी मिळून अभियंता साहेबांना भेटायला जातोय.